मऊ पिसाची माशी

पावसाळा ओसरून फोंडाघाटच्या पायथ्याचे व्हाळ निवळू लागले, म्हणजे कोंडाच्या काठी थोडा वेळ निश्चल उभे राहणाऱ्या कोणाही मनुष्याला एक गोष्ट सहज पाहावयास मिळते. वरच्या फांदीवरून एखादी पाकळी, गवताची काडी किंवा पाखराच्या अंगावरून गळलेले पीस पाण्यावर पडते. ते प्रवाहात शिरून किंचित वळते न वळते तोच खालच्या धोंड्याआडून एक बोटभर मासा उसळून वर येतो, ती वस्तू तोंडात घेतो, आणि क्षणार्धात ती थुंकून पुन्हा आपल्या ठाण्यावर जातो. हा प्रकार इतका परिचित आहे की त्यातील कोडे आपल्या ध्यानातही येत नाही. पाकळीचा आकार कीटकासारखा नसतो, पिसाला तर डोके, पोट, पंख यांपैकी काहीच नसते. आणि तरीही मासा त्यावर झडप घालतो. मग 'हे खाद्य आहे' असे माशाच्या लेखी ठरविणारी खूण कोणती?

या प्रश्नाचे एक अतिशय मार्मिक उत्तर इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर परगण्यात आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील नद्यांच्या काठी, ग्रंथकारांनी त्याची दखल घेण्यापूर्वीच, सामान्य लोकांच्या हातून घडले. ट्राउट नावाचा मासा धरण्यासाठी तेथील लोक एका लहानशा गळावर रेशमी दोऱ्याचे वेढे घेत, त्याच्या माथ्याशी एखाद्या पक्ष्याचे मऊ पीस दोनदा गुंडाळीत, आणि एवढ्यावर थांबत. या कृत्रिम माशीला 'स्पायडर' म्हणतात. ती कोळ्याची प्रतिकृती नाही. बारीक, लांब तंतूंमुळे तिला ते नाव मिळाले, इतकेच. हातात धरून पाहिली तर ती कोणत्याही विशिष्ट कीटकासारखी दिसत नाही, आणि तरी दोन शतकांहून अधिक काळ ती मासे धरीत आली आहे. ती कशी बांधतात आणि ती का चालते, हे येथे क्रमाने सांगावयाचे आहे. आणि ते सांगताना आपल्या सह्याद्रीतील एका पक्ष्याची हकिकतही सांगणे प्राप्त आहे.

धोंड्याखालचे जीवन

घाटातून उतरणाऱ्या कोणत्याही बारमाही ओहोळातील एक धोंडा उचलून त्याची खालची बाजू निरखावी. तेथे चपट्या अंगाचे, शेपटीशी दोन-तीन तंतू असलेले आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांच्या पाकळ्या हलविणारे बारीक जीव चिकटलेले दिसतात. हे मेफ्लाय नामक कीटकाचे बाल्यरूप होय. त्याच्या शेजारी वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे आपल्याच मुखातून काढलेल्या रेशमाने जोडून केलेल्या नळीत राहणारी कॅडिसची अळीही बहुधा सापडते. यॉर्कशायरच्या व्हार्फ नदीतील जाती निराळ्या आणि आपल्या व्हाळातील निराळ्या. तथापि कुळे तीच आहेत आणि आयुष्यक्रमाची रीतही तीच आहे.

मेफ्लायचे जवळजवळ सारे आयुष्य पाण्याखाली जाते. वाढ पूर्ण झाली म्हणजे ते बाल्यरूप तळ सोडून वर पोहत येते, पृष्ठभागाशी त्याच्या पाठीवरील कात उकलते, आणि तीतून पंखधारी कीटक बाहेर पडतो. पंख आल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकवर्ग आज जगात हा एकच आहे. पूर्ण वाढलेल्या मेफ्लायला अन्न खाता येईल असे मुखच नसते. समागम आणि अंडी घालणे एवढ्यासाठीच त्याला काही तास, फार तर थोडे दिवस मिळतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते कात उकलण्याचे क्षण. पाण्याच्या पृष्ठभागावरील रेणू एकमेकांस आत ओढून धरतात, त्यामुळे तेथे ताणून बसविलेला पापुद्रा असावा अशी स्थिती निर्माण होते. हिलाच पृष्ठताण म्हणतात. आपला हात त्यातून आरपार जातो तेव्हा आपल्याला काहीच जाणवत नाही, परंतु काही मिलिमीटर लांबीच्या जिवाला तो पापुद्रा फोडणे हे प्राणांतिक श्रमाचे काम असते. कित्येक कीटक अर्धे बाहेर आणि अर्धे आत असे अडकून पडतात, कित्येकांची जुनी कात पायांत गुंतते, आणि कित्येक पंख उलगडण्यापूर्वीच बुडून प्रवाहाबरोबर वाहू लागतात. बीटिस या वंशातील काही माद्या तर अंडी घालण्यासाठी आपण होऊन पाण्यात उतरतात. अशा रीतीने पृष्ठभागाच्या लगत खाली, वीतभर खोलीच्या थरात, असहाय आणि अर्धवट उमललेल्या जिवांची सतत वाहतूक चालू असते. हवेत उठलेला कीटक पकडण्यापेक्षा हे खाद्य माशाला पुष्कळच सुलभ असते, आणि म्हणूनच ट्राउटचे बहुतांश भक्षण पाण्याच्या वर न होता आत होते.

ट्राउट हा मासा प्रवाहाच्या उगमाकडे तोंड करून, धोंड्यामागे जेथे ओढ कमी असेल तेथे ठाण मांडतो आणि शेजारच्या वेगवान धारेतून जे वाहत येईल त्यातून आपला शिधा वेचतो. समोरून आलेली वस्तू क्षणभरात निघून जाणार असते; तिचे पाय मोजीत बसण्याची त्याला सवडच नसते. शिवाय त्याला हात नाहीत. वस्तू पारखण्याचे एकमेव साधन म्हणजे मुख. तेव्हा तो दोन-चार ढोबळ खुणांवरून निर्णय घेतो: आकारमान बेताचे आहे, खोली नेहमीची आहे, वस्तू पाण्याच्याच गतीने येत आहे, आणि तिच्यात काहीतरी हालत आहे. शेवटची खूण सर्वांत बलवत्तर. मेलेल्या काडीत आणि बुडणाऱ्या कीटकात जो भेद आहे तो रूपापेक्षा चलनाचा आहे, आणि स्पायडरची सारी हिकमत त्या चलनात साठविलेली आहे.

पीस पाण्यात काय करते

पिसाच्या मधोमध असतो तो दांडा. त्याच्या दोन्ही बाजूंना फुटतात ते तंतू, आणि प्रत्येक तंतूला पुन्हा दोन्ही बाजूंना फुटतात ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे उपतंतू. काही उपतंतूंना सूक्ष्म आकडे असतात. ते शेजारच्या उपतंतूंत अडकले की पिसाला सलग पाते येते. असे पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळले म्हणजे पाते फुटून तंतू मोकळे होतात आणि दांडीभोवती चहूबाजूंनी उभे राहतात. या गुंडाळलेल्या पिसाला 'हॅकल' म्हणतात.

आता घरच्या कोंबड्याच्या मानेवरील एक पीस आणि कोंबडीच्या मानेवरील एक पीस शेजारी ठेवून पाहावे. कोंबड्याचे पीस लांब, निमुळते आणि तकतकीत असते; त्याचे तंतू ताठ असून त्यांवर उपतंतूंचे जाळे थोडे असते, म्हणून ते पाणी धरीत नाही. हे पीस गळावर गुंडाळले तर तंतूंची टोके पृष्ठताणाच्या पापुद्र्यावर टेकतात आणि माशी वर तरंगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण इंग्लंडच्या संथ, निर्मळ नद्यांवर 'ड्राय फ्लाय'ची, म्हणजे कोरड्या माशीची पद्धत प्रतिष्ठा पावली, ती या ताठ पिसाच्या आधारावर. कोंबडीचे पीस आखूड, रुंद, वाटोळ्या टोकाचे आणि मंद वर्णाचे असते. त्याचे तंतू लवचिक असून उपतंतूंनी भरलेले असतात, त्यामुळे ते पाणी शोषते आणि बुडते. तित्तिराच्या पाठीवरचे, पाणलाव्याच्या पंखाच्या वरच्या कडेचे किंवा पाणकोंबडीच्या पंखाखालचे पीस याच जातीचे. स्पायडरला हवे ते हे दुसरे पीस.

कोकणच्या पावसात छत्री उघडून चालणाऱ्याला समोरून वाऱ्याचा झोत लागला, की छत्रीच्या काड्या मागे ओढल्या जाऊन ती मिटू पाहते, आणि झोत सरताच काड्यांच्या अंगच्या ताणाने ती पुन्हा उघडते. मऊ हॅकलचे पाण्यात नेमके हेच होते. प्रवाहाचा वेग वाढला की तंतू मागे वाकून गळाच्या देहाला लगटतात. वेग कमी झाला की आपल्या लवचिकपणाने पुन्हा पसरतात. डोंगरी नदीत प्रत्येक धोंड्यापाशी वेग बदलत असल्यामुळे हे मिटणे आणि उघडणे अखंड चालू राहते, आणि त्यासाठी काठावरच्या मनुष्याला काहीच करावे लागत नाही. पाय हलविणारा, पंख सोडवू पाहणारा, कल्ले फडफडविणारा जो कीटक माशाच्या रोजच्या ओळखीचा आहे, त्याची लय त्या दोन फेऱ्यांच्या पिसातून उमटते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की पीस केवळ मऊ असून भागत नाही. अतिशय लिबलिबीत तंतू एकदा मागे गेले की तेथेच चिकटून राहतात. त्यांना परत उघडण्यापुरती स्थितिस्थापकता हवी, आणि खळाळत्या पाण्यासाठी ती थोडी अधिक हवी. दुसरी गोष्ट नवशिक्याच्या गळी उतरण्यास अवघड जाते: पिसाचे फेरे दोनच्या वर घेऊ नयेत. तंतू दाट झाले की एकमेकांना टेका देतात, त्यांचा मिळून एक घट्ट झाडू तयार होतो, आणि पाण्याने त्याला कितीही हलविले तरी तो एकच वस्तू म्हणून हलतो. विरळपणा ही येथे काटकसर नसून यंत्राचा आवश्यक भाग आहे.

रेशमाचा देह

माशीचा देह केवळ रेशमी दोऱ्याचा असतो, आणि तोही आखूड. रेशमाचा तंतू स्वभावतः पारदर्शक आहे. कोरड्या दोऱ्यातील तंतूंमध्ये हवा भरलेली असते आणि हवा व रेशीम यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश परतून विखुरला जातो, म्हणून दोरा उजळ आणि अपारदर्शक दिसतो. तो भिजला म्हणजे हवेची जागा पाणी घेते; प्रकाश वाकविण्याचा पाण्याचा गुण हवेपेक्षा रेशमाच्या अधिक जवळचा असल्यामुळे विखुरणे कमी होते, प्रकाश खोल शिरतो, आणि रंग गडद पण अर्धपारदर्शक होतो. ओले वस्त्र गडद दिसते त्याचे कारणही हेच. यॉर्कशायरच्या कारागिरांना हा नियम ठाऊक नसला तरी त्याचा परिणाम पक्का ठाऊक होता: झगझगीत नारिंगी रेशीम भिजल्यावर तांबूस तपकिरी होते आणि आतील लोखंडी दांडीची छाया त्यातून डोकावते. कातीत अर्धा अडकलेला कीटकही पाण्यात असाच, आतून उजेड झिरपणारा दिसतो. म्हणून दोऱ्याचा रंग निवडावयाचा तो भिजवून निवडावा.

दोऱ्याला मेण लावतात त्याचा हेतू दुहेरी आहे. मेणाने वेढे सरकत नाहीत, आणि रंगही एक छटा खाली उतरतो. काही जातींत या मेणावर अत्यंत बारीक लव चिकटवून दोरा पिळतात; 'वॉटरहेन ब्लोआ' या प्रसिद्ध माशीत पिवळ्या रेशमावर चिचुंदरीसारख्या रंगाची मोल या प्राण्याची लव इतकी विरळ घेतात, की खालचे पिवळे रेशीम तीतून स्पष्ट दिसत राहते. तिच्या माथ्याशी पाणकोंबडीच्या पंखाखालचे धुरकट पीस असते.

बांधण्याची रीत

पूर्वीच्या काळी गळाला नेढे नसे. घोड्याच्या शेपटीचा केस किंवा रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीतून ओढलेला तंतू दांडीलगत ठेवून त्यावरच रेशमाचे वेढे घेत, आणि हे सारे काम बोटांच्या चिमटीत होई. आज नेढ्याचे गळ मिळतात आणि गळ धरून ठेवण्यास लहान शिकंजा वापरता येतो, एवढाच काय तो फरक. १४ किंवा १६ क्रमांकाचा गळ घ्यावा. त्याची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर भरते.

गळ शिकंज्यात आडवा बसवून, मेण लावलेला दोरा नेढ्याच्या किंचित मागे धरावा आणि त्याच्या टोकावरूनच चार-पाच वेढे घेऊन ते टोक अडकवून टाकावे. येथेच पीस बांधावे. त्यासाठी प्रथम पिसाच्या बुडाशी असलेली लोकर ओरबाडून काढावी, शेंड्याकडील थोडे तंतू चिमटीत धरून बाकीचे उलट दिशेने मागे सारावेत, आणि तो शेंडा पिसाची चांगली बाजू वर ठेवून दांडीवर बांधावा. शेंड्याकडून बांधण्याचे कारण असे की तेथे दांडा सर्वांत बारीक असतो आणि फेरा घेताना मोडत नाही. पिसाचे बूड नेढ्याच्या पुढे लोंबत राहू द्यावे.

यानंतर दोरा वेढ्याला वेढा लावून मागे न्यावा. कोठवर न्यावयाचा, याविषयी उत्तरेकडील कारागीर मोठे काटेकोर होते: गळाचे टोक जेथे आहे त्याच्या बरोबर वर आल्यावर, किंवा त्याहून किंचित पुढे गेल्यावर थांबावे, बाकावर उतरू नये. तेथून परत पुढे येताना दुसरा थर द्यावा आणि दोरा पिसापाशी आणून थांबवावा. मग पिसाचे बूड चिमट्यात धरून, तंतू मागे सारीत सारीत, दीड ते दोन फेरे घ्यावेत. दोऱ्याने बूड बांधून जास्तीचा दांडा कापून टाकावा. शेवटी नेढ्यामागे दोऱ्याचे तीन-चार फेरे दोऱ्याच्याच टोकावरून घेऊन ते टोक ओढून घ्यावे, म्हणजे गाठ आत दबते. माथा जितका लहान तितका चांगला. तंतूंची टोके गळाच्या बाकापर्यंत किंवा त्याच्या जरा पुढे पोहोचली तर लांबी बरोबर समजावी.

*चौकट: 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'*
*गळ १४ क्रमांकाचा. देह नारिंगी रेशमाचा, मेण लावून, दोन थरांचा. हॅकल मूळ रीतीत युरोपातील करड्या तित्तिराच्या पाठीवरील, तपकिरी ठिपक्यांच्या पिसाचे. आपल्याकडे तपकिरी गावठी कोंबडीच्या पाठीवरील ठिपकेदार पीस घ्यावे. फेरे दीड ते दोन. परीक्षा: माशी ओली करून पाण्याने भरलेल्या तांब्यात हलकेच खाली-वर करावी, वर ओढताना तंतू मिटले पाहिजेत आणि थांबताच उघडले पाहिजेत.*

याद्या आणि ग्रंथ

गळावर पीस बांधण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेला रोमन ग्रंथकार एलियन याने मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे गळाला बांधून मासे धरतात, असे नोंदविले आहे. स्पायडरचे दप्तर मात्र पुष्कळ अलीकडे सुरू होते. व्हार्फ नदीच्या खोऱ्यातील जॉन स्वारब्रिक यांची १८०७ सालची हस्तलिखित यादी त्यात आरंभीची म्हणावी लागेल. १८५७ साली डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी 'द प्रॅक्टिकल अँग्लर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात केवळ तीन स्पायडर पुरेसे मानले: काळा, तांबडा आणि करडा. काळ्या स्पायडरला स्टार्लिंग या, आपल्या साळुंकीच्या कुळातील पक्ष्याचे बारीक चमकदार पीस आणि तपकिरी रेशीम लागते, आणि त्याचे श्रेय स्टुअर्ट यांनी जेम्स बेली या आपल्या समकालीन गरवणाऱ्याला मोकळेपणाने दिले. टी. ई. प्रिट यांचा 'यॉर्कशायर ट्राउट फ्लाइज' हा सचित्र ग्रंथ १८८५ साली निघाला. पुढच्याच वर्षी दक्षिणेत फ्रेडरिक हाल्फर्ड यांचा तरंगत्या माशीवरील ग्रंथ आला आणि हुबेहूब प्रतिकृतीच्या आग्रहाने विद्वानांचे लक्ष वेधून घेतले. उत्तरेकडील साधी माशी काही काळ मागासलेली मानली गेली. अमेरिकेत सिल्व्हेस्टर नेम्स यांनी १९७५ साली 'द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय' लिहून तिला पुन्हा पुढे आणले.

स्टुअर्ट यांचे मोठेपण माशीपेक्षाही ती टाकण्याच्या रीतीत आहे. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा त्याच्या मागून जावे आणि माशी उगमाच्या दिशेने टाकावी, म्हणजे ती मोकळेपणी, पाण्याच्याच गतीने खाली येईल, असा त्यांचा आग्रह होता. यात पुन्हा तेच तत्त्व आहे. दोरीने ओढलेली माशी धारेच्या विरुद्ध सरकते, आणि कोणताही बुडता कीटक तसा सरकत नाही.

घाटातील कोंबडा

आता सह्याद्रीकडे वळू. फोंड्याचा घाट चढून दाजीपूरकडे जाताना पहाटेच्या वेळी रानातून एक तुटक, खणखणीत आरव कानी येते. ती राखी रानकोंबड्याची. त्याचे शास्त्रीय नाव 'गॅलस सोनेराती'. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवासी निसर्गाभ्यासकाच्या नावावरून ते पडले. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाबाहेर मूळचा कोठेही आढळत नाही. नराच्या मानेवरील पिसांची रचना विलक्षण आहे: पिसाच्या टोकाशी दांडा चपटा होऊन त्याची एक कठीण, तकतकीत, मेणासारख्या पिवळसर वर्णाची टिकली बनते, आणि तशा टिकल्यांनी सारी मान भरून जाते.

या टिकलीवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज गरवणारे लुब्ध झाले. साल्मन या मोठ्या माशासाठी बांधावयाच्या भपकेदार माश्यांच्या गालांवर ती बसविण्याची चाल पडली. 'जॉक स्कॉट' ही त्यांतली अत्यंत ख्यातनाम माशी, आणि रानकोंबड्याच्या पिसावाचून ती पुरी होत नसे. परिणामी भारतातील जंगलांतून या पक्ष्याच्या मानेची कातडी पिसांसह विलायतेच्या पेठेत जाऊ लागली आणि दीर्घ काळ जात राहिली. पुढे निर्यातीस मनाई झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला कायद्याचे छत्र मिळाले. आज परदेशात जी पिसे विकली जातात ती बंदिवासात वाढविलेल्या पक्ष्यांची असतात.

यातील खेदाची गोष्ट मला वाटते ती अशी. अटलांटिक साल्मन समुद्रातून नदीत शिरला की अंडी घालण्याच्या त्या प्रवासात अन्न घेणे सोडून देतो. त्याच्यापुढे नाचविलेली माशी कोणत्याही खाद्याची प्रतिमा असण्याची गरजच नव्हती. आणि ती टिकली माशाने मागितली होती असे म्हणण्यास आधार नाही, ती मागितली होती मनुष्याच्या दृष्टीने. ज्या माशीला खरोखर भुकेल्या, पारखून खाणाऱ्या माशाची खात्री पटवावयाची होती, तिला कोंबडीचे, तित्तिराचे, साळुंकीच्या भावंडाचे मळकट पीस पुरले. उत्तर इंग्लंडातील कारागिरांनी पाण्याचे निरीक्षण करून जे जाणले, त्याची किंमत कोणत्याही दूरदेशच्या पक्ष्याला मोजावी लागली नाही.

या पक्ष्याचा आणि आपल्या अंगणाचा संबंधही समजतो त्याहून निकटचा आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून उतरली असली, तरी तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या अनुवंशिक घटकामुळे येतो, तो राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अंगणात दाणे टिपणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत घाटातील त्या कोंबड्याचा अंश आहे.

ट्राउट नसलेल्या पाण्यात

कणकवली तालुक्यातील कोणत्याही नदीत ट्राउट नाही, आणि असूही शकणार नाही. हा थंड पाण्याचा मासा आहे. १० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २५ अंशांवर तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. या कात्रीत ट्राउट टिकत नाही. म्हणूनच भारतात तो उंचावरच रुजला: काश्मीर दरबारच्या काळात १९०० साली विलायतेहून आणलेल्या अंड्यांपासून तेथील नद्यांत, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांच्या खटपटीने निलगिरीत, जेथे फ्रान्सिस डे यांचे १८६० नंतरचे प्रयत्न निष्फळ ठरले होते.

परंतु वर वर्णिलेली सारी यंत्रणा ट्राउटपुरती मर्यादित नाही. एच. एस. थॉमस हे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी. त्यांचा 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ साली मंगळूरहून, म्हणजे याच किनाऱ्यावरून प्रसिद्ध झाला, आणि त्यात भारतीय नद्यांतील माशांसाठी कृत्रिम माशीचा विचार आहे. आपल्या कोंडांतील पृष्ठभागाशी वावरणारे बोटभर चंदेरी मासे वाहून आलेल्या कीटकांवरच जगतात आणि १६ क्रमांकाहून लहान गळावरील मऊ पिसावर हौसेने येतात. धोंड्यावरचे शेवाळ खरवडून खाणारा मळ्या मात्र त्याच्याकडे लक्ष देणार नाही, आणि त्याचे कारणही आता वाचकाला सांगावयास नको.

येथे लांबलचक यंत्रसामग्री लागत नाही. हलकी बांबूची काठी, तिच्या शेंड्याला काठीएवढ्याच लांबीचा बारीक तंगूस, आणि त्याच्या टोकाला माशी. धारेच्या वरच्या अंगाला माशी सोडून ती आपल्यासमोरून वाहत जाऊ द्यावी, तंगूस केवळ सरळ ठेवावा, ओढू नये. फेरीच्या अखेरीस काठी सावकाश उचलली म्हणजे माशी तळाकडून पृष्ठभागाकडे येणाऱ्या कीटकाप्रमाणे वर चढते, आणि बहुधा तेव्हाच झटका बसतो. गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो. मृगाच्या सरींबरोबर चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी वर येतात तेव्हा काठी घरी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरपासून पाणी निवळ असते आणि कीटकही भरपूर असतात. घाटमाथ्यावरील राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत अर्थातच गळ टाकावयाचा नाही.

पिसांसाठी रानात जाण्याचे कारण नाही, आणि रानातील पक्ष्यांची पिसे जमविणे कायद्यालाही मंजूर नाही. घरी किंवा शेजारी कोंबडी कापली जाईल तेव्हा तिच्या मानेची आणि पाठीची पिसे मागून घ्यावीत, रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावीत, आणि कसर लागू नये म्हणून कापराच्या वडीसह कागदी पाकिटात रंगवार लावून ठेवावीत. तपकिरी, करडी आणि काळी अशी तीन पाकिटे भरली की स्टुअर्ट यांच्या तिन्ही स्पायडरांची सोय होते, आणि एका कोंबडीच्या अंगावर एका हंगामाला पुरून उरतील एवढी पिसे असतात.